ढिगात हात घालून पाहताना

असरची नमाज आटोपली की मोहल्ल्यातल्या किराणा दुकानापुढे गर्दी वाढू लागते. रमजानच्या महिन्यात इफ्तारच्या आधीचा हा तास-दीड तास दुकानदाराच्या कमाईचा. खजूर, बेसन, शेवया, सरबताची बाटली, तेलाची पिशवी, चहापत्ती, आणि त्यांच्या जोडीला रोजच्या गरजेचे साबण, टूथपेस्ट, भांडी घासायची वडी. गेल्या दोन-तीन वर्षांत या गर्दीत एक नवे दृश्य दिसू लागले आहे. सामान पिशवीत जाण्याआधी घरातली कॉलेजात जाणारी मुलगी मोबाइल काढते, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली यादी वर-खाली सरकवते आणि म्हणते, "अम्मी, ये नको. लिस्ट में है ये." अम्मी हातातली वडी खाली ठेवते, शेजारची उचलते. दुकानदार गालातल्या गालात हसतो. दुसरी वडीही त्याच कंपनीची असते. नाव वेगळे, वेष्टन वेगळे, कारखाना मात्र त्याच मालकाचा.

मुलीचा हेतू वाईट नाही. दिवसभर तहान-भूक सोसून ज्या पैशाचे आपण खाणार, तो पैसा कोणाच्या खिशात जातो याचा विचार करणे हा रोजाच्याच शिकवणुकीचा भाग आहे. हलाल हा शब्द आता बिगरमुस्लीम वाचकांनाही ठाऊक आहे. त्याच्या शेजारी कुरआनात आणखी एक शब्द येतो, तय्यब. म्हणजे निर्मळ, चांगले, मनाला पटणारे. पाकिटावर हलालचा शिक्का आहे की नाही हे दोन सेकंदांत कळते. तय्यब आहे की नाही हे कळायला वेळ लागतो, कारण त्याचा शिक्का कुणी देत नाही.

मदिनेच्या बाजारातली एक घटना हदीसच्या ग्रंथांत नोंदलेली आहे आणि रमजानच्या बयानांतून ती दरवर्षी सांगितली जाते. हजरत मुहम्मद पैगंबर (स.) बाजारातून जात असताना धान्याच्या एका ढिगापाशी थांबले. वरून धान्य कोरडे, चांगले दिसत होते. त्यांनी ढिगात हात घातला, तर बोटांना ओल लागली. व्यापाऱ्याने पावसाचे कारण सांगितले. पैगंबरांचा सवाल एवढाच होता, की मग भिजलेले धान्य वर का ठेवले नाही, लोकांना दिसले असते. धान्य भिजले हा त्या व्यापाऱ्याचा गुन्हा नव्हता, पाऊस कोणावरही पडतो. ओले खाली दडपून कोरडे वर पसरले, हा गुन्हा होता.

मदिनेतल्या ढिगात कोपरापर्यंत हात गेला की तळ लागत असे. आजच्या कंपन्यांचे ढीग समुद्रापार पसरलेले आहेत. त्यांच्यात हात घालायचा तर कसा? त्यासाठी एक कंपनी घेऊन पाहावी, आणि ती मोहल्ल्यातल्या प्रत्येक घरात असलेलीच बरी. लाइफबॉय, लक्स, सर्फ एक्सेल, रिन, व्हिम, क्लिनिक प्लस, क्लोजअप, पॉण्ड्स, ब्रुक बॉण्ड रेड लेबल, किसान, हॉर्लिक्स ही सगळी नावे एकाच छताखालची, हिंदुस्तान युनिलिव्हरची. मुख्यालय मुंबईत अंधेरीला. सुमारे ६२ टक्के भाग युनिलिव्हर या लंडनच्या कंपनीकडे.

या घराण्याचा मूळ पुरुष विल्यम लिव्हर. १८८५ मध्ये त्याने भावाबरोबर साबणाचा धंदा सुरू केला. सनलाइट साबण चालला तसा त्याने १८८८ मध्ये लिव्हरपूलजवळ कामगारांसाठी पोर्ट सनलाइट नावाचे गाव वसवायला घेतले. टुमदार घरे, बागा, शाळा. त्या काळात इंग्लंडचे गिरणी कामगार ज्या खुराड्यांत राहत होते, ते पाहता हे गाव म्हणजे आश्चर्यच होते. आजही लोक ते पाहायला जातात. याच लिव्हरने १९११ मध्ये बेल्जियमच्या सरकारशी करार करून काँगोत पामच्या जंगलांचे प्रचंड पट्टे मिळवले. साबणाला तेल लागते, तेलाला फळे लागतात, आणि फळे तोडायला उंच झाडांवर चढणारी माणसे लागतात. ती माणसे तिथे वसाहती सत्तेच्या धाकाने, जबरदस्तीने कामाला जुंपली जात. तिथल्या वस्तीलाही मालकाचे नाव मिळाले, लिव्हरव्हिल. एकाच माणसाची ही दोन गावे. एकात कामगारांच्या मुलांसाठी शाळा, दुसऱ्यात माणसांची वेठ. ज्याने फक्त पोर्ट सनलाइट पाहिले त्याने लिव्हरला संत म्हटले असते, आणि तोही खोटे बोलत नसता.

मुंबईशी या कंपनीचे नाते १९३० च्या दशकातले. १९३२ मध्ये शिवडीला वनस्पती तुपाचा कारखाना उभा राहिला, १९३४ मध्ये त्याच्याच शेजारी साबण बनू लागला. डालडा हे नाव ज्यांच्या घरात तुपाच्या जागी बोलले जाई, त्या पिढीला शिवडीचा वास आठवतो. याच कंपनीच्या मुंबईतल्या कामगारांनी १९८८-८९ च्या टाळेबंदीत एक अजब गोष्ट केली होती. मालकाने फाटक बंद केले तेव्हा युनियनने स्वतःच कपडे धुण्याची पावडर बनवून विकायला सुरुवात केली आणि तिचे नाव ठेवले 'लॉक-आउट'. कपडे धुता धुता कामगारांची बाजूही घराघरांत पोचली. ग्राहकाने कंपनीला जोखायचे ते फक्त जाहिरात पाहून, असे कुठे लिहिलेले नाही. ज्यांनी तो माल हातांनी बनवला त्यांना विचारूनही जोखता येते.

कोडाईकनालमध्ये हेच घडले. त्याला मात्र फार वर्षे लागली.

तमिळनाडूतले हे थंड हवेचे ठिकाण, पळणी डोंगरांत, पाम्बार शोलाच्या जंगलाच्या कडेला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या वॉटरटाउन गावातला ताप मोजायच्या थर्मामीटरचा कारखाना उचलून इथे आणला गेला. तेव्हा तो पॉण्ड्सचा होता. पुढे युनिलिव्हरने पॉण्ड्सची मूळ कंपनी विकत घेतली आणि १९९८ मध्ये भारतातली पॉण्ड्स हिंदुस्तान लिव्हरमध्ये विलीन झाली. थर्मामीटर बहुतांश परदेशी जात. त्यात भरायचा पारा परदेशातून येई. कामाला होती ती आसपासची तरुण मुले-मुली. पारा म्हणजे काय हे आपल्याला कुणी नीट सांगितले नाही, हातमोजे आणि मुखपट्टीशिवायच आपण काम करत होतो, असे या कामगारांचे पुढे म्हणणे पडले.

पाऱ्याचा स्वभाव वेगळा आहे. लोखंडाचा तुकडा सांडला तर उचलता येतो. पारा खोलीच्या साध्या तापमानालाही हवेत उडतो, दिसत नाही, वास येत नाही, आणि श्वासातून शरीरात जातो. मेंदू आणि मूत्रपिंडे ही त्याची आवडती ठिकाणे. तळ्यात गेला तर जिवाणू त्याचे आणखी विषारी रूप बनवतात, ते माशांत साठते आणि माशांतून माणसांत येते.

मार्च २००१ मध्ये गावातल्या लोकांना कारखान्यापासून सुमारे ३ किलोमीटरवरच्या एका भंगारवाल्याच्या आवारात फुटक्या थर्मामीटरच्या काचांचा ढीग सापडला. काचांत पारा होता. पळणी हिल्स कॉन्झर्व्हेशन कौन्सिल ही तिथली संस्था, ग्रीनपीस आणि माजी कामगार यांनी ते जगापुढे आणले. ढीग होता ७.४ टनांचा. ढिगात हात घालण्याची म्हण इथे शब्दशः खरी ठरली, फक्त बोटांना लागलेली ओल पाण्याची नव्हती.

कंपनीने त्याच वर्षी कारखाना बंद केला. भंगार बाहेर गेले ते आपल्याच नियमांचा भंग करून गेले, हे तिने मान्य केले. २००३ मध्ये पाराबाधित असा सुमारे २९० टन कचरा जहाजाने अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाला परत पाठवण्यात आला. गरीब देशात टाकलेला विषारी कचरा श्रीमंत देशात परत गेल्याची उदाहरणे बोटांवर मोजण्याइतकीच आहेत, आणि त्याचे श्रेय गावकऱ्यांना द्यावे तेवढे थोडे.

गोष्ट इथे संपली असती तर कंपनीबद्दल बरे बोलता आले असते. चूक झाली, कबूल केली, निस्तरली. पण राहिली होती दोन कामे. एक, कारखान्याच्या आवारातली आणि उतारावरची माती. दुसरे, माणसे.

माणसांबाबत कंपनीचे म्हणणे असे होते की, तज्ज्ञांच्या अनेक अभ्यासांत कामगारांच्या आजारांचा पाऱ्याशी संबंध दिसलेला नाही. कामगारांचे म्हणणे याच्या उलट. २००६ मध्ये ते मद्रास उच्च न्यायालयात गेले. २०११ मध्ये केंद्रीय श्रम मंत्रालयाने नेमलेल्या समितीने कामगारांवर, आणि त्यांच्या मुलांवरही, पाऱ्याचा परिणाम झाल्याचे सकृद्दर्शनी दिसते, असा निष्कर्ष काढला. खटला चालूच राहिला. जुलै २०१५ च्या अखेरीस चेन्नईच्या सोफिया अश्रफ या तरुण रॅप गायिकेचे 'कोडाईकनाल वोन्ट' हे गाणे आले आणि काही दिवसांतच लाखो लोकांनी ते पाहिले. मार्च २०१६ मध्ये कंपनीने ५९१ माजी कामगार आणि त्यांच्या कुटुंबीयांशी तडजोड केली. रक्कम जाहीर झाली नाही. ही मदत माणुसकीच्या भावनेतून आहे, आजारांची जबाबदारी मान्य करून नव्हे, अशी कंपनीची भूमिका राहिली.

न्यायालयात १० वर्षे, आणि गाण्यानंतर ८ महिने. गाण्यामुळेच तडजोड झाली असे म्हणायला पुरावा नाही. पण तारखा शेजारी शेजारी उभ्या आहेत, त्या वाचणाऱ्याने वाचाव्यात.

मातीचा वाद आणखी बारीक आहे आणि म्हणूनच तो वर्तमानपत्रांत फारसा आला नाही. साफ केल्यानंतर एक किलो मातीत किती पारा उरलेला चालेल? कंपनीला मंजुरी मिळाली ती २० मिलिग्रॅमच्या मर्यादेची. कार्यकर्त्यांचे म्हणणे, ही मर्यादा सैल आहे. हे रान आहे, खाली झरे आहेत, आणि हीच जमीन कंपनीच्या मायदेशात असती तर हाच आकडा चालला असता का? कंपनी सांगते की आम्ही नियामकाने ठरवलेल्या मर्यादेप्रमाणे काम करत आहोत, आणि ते खरेच आहे. कायद्याने जेवढे सांगितले तेवढे करणे यालाच नीती म्हणायचे की नीती त्याच्या पुढे सुरू होते, हा इथला खरा वाद. रोजा ठेवणाऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. भुकेला राहिल्याने कायद्याच्या भाषेत रोजा होतो. दिवसभर खोटे बोलून, लोकांची निंदा करून संध्याकाळी खजूर तोंडात टाकणाऱ्याच्या पदरात काय पडले, हा प्रश्न तरीही उरतोच.

आता दुसरी बाजूही पाहायला हवी, कारण रागाच्या भरात इन्साफ सोडू नये, हीसुद्धा कुरआनाचीच ताकीद आहे. पॉल पोलमन हे युनिलिव्हरचे प्रमुख असताना २०१० मध्ये कंपनीने १० वर्षांची एक मोठी योजना जाहीर केली. १०० कोटी लोकांचे आरोग्य सुधारायचे, आपल्या मालाचा पर्यावरणावरचा भार निम्मा करायचा, वगैरे. योजनेतले सगळे साधले नाही, पण बरेच मोजले गेले आणि मोजलेले छापले गेले. भारतात नलगोंडा जिल्ह्यातून सुरू झालेल्या 'शक्ती' उपक्रमात खेड्यातल्या बचत गटांच्या बायका कंपनीचा माल घरोघरी विकू लागल्या, त्यांच्या हातात पैसे आले. त्यात कंपनीचा धंदाही वाढला. त्यात वावगे काही नाही, व्यापार हा पैगंबरांचाही व्यवसाय होता.

पामतेलाच्या बाबतीत कंपनीची नोंद तर दोन्ही बाजूंनी वाचावी लागते. जंगल न तोडता पामतेल मिळावे म्हणून २००४ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय मंचाच्या संस्थापकांत युनिलिव्हर होती. तरी २०१६ मध्ये ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने इंडोनेशियातल्या विल्मर कंपनीशी जोडलेल्या मळ्यांची पाहणी केली, तेव्हा तिथे ८ ते १४ वर्षांची मुले जड पोती उचलताना आढळली. विल्मरचे तेल घेणाऱ्यांत युनिलिव्हर, नेस्ले, कोलगेट, प्रॉक्टर अँड गॅम्बल अशी सगळी मोठी नावे होती, आणि पाहणीतल्या काही मळ्यांकडे त्याच मंचाचे प्रमाणपत्रही होते. म्हणजे शिक्का होता, शिक्क्याखाली ओल होती. त्यानंतर फेब्रुवारी २०१८ मध्ये युनिलिव्हरने आपल्याला तेल पुरवणाऱ्या सगळ्या गिरण्यांची आणि पुरवठादारांची यादी जाहीर केली. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या मोठ्या कंपन्यांत असे करणारी ती पहिली. ही बाब छोटी नाही. आपण माल कुठून घेतो हे व्यापारी सहसा सांगत नाही, ते त्याचे गुपित असते. यादी उघड केली की कोणत्याही पत्रकाराला, कोणत्याही संस्थेला थेट त्या मळ्यावर जाऊन पाहता येते. पैगंबरांच्या सवालाचे उत्तर याहून जवळचे सापडणे कठीण. ओले धान्य वर काढून ठेवलेले नाही, पण ढीग उघडा केला आहे.

चहाची हकिगत मात्र खंत वाटावी अशी आहे. केनियातल्या केरिचोच्या मळ्यांवर २००७ च्या निवडणुकीनंतरच्या हिंसाचारात कामगारांवर हल्ले झाले. दोनशेहून अधिक जणांनी लंडनच्या न्यायालयात दावा लावला की मूळ कंपनीने त्यांचे रक्षण करायला हवे होते. २०१८ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने तो फेटाळला. केनियातल्या मळ्याचा कारभार तिथल्या कंपनीचा, लंडनची मूळ कंपनी त्याला जबाबदार धरता येत नाही, हा निकालाचा अर्थ. नफा वर चढतो तेव्हा ही भिंत आड येत नाही, जबाबदारी चढू लागली की येते. फेब्रुवारी २०२३ मध्ये बीबीसीने केनियातल्या चहामळ्यांवर मुकादमांकडून बायकांच्या होणाऱ्या लैंगिक छळाची बातमी दाखवली. सत्तरहून अधिक बायका बोलल्या. यातले काही मळे वर्षानुवर्षे युनिलिव्हर चालवत होती. दहा वर्षांपूर्वीही असेच आरोप झाले होते आणि असले काही खपवून घेणार नाही, असे कंपनीने तेव्हा सांगितले होते. बातमी आली तोवर तिने तो चहाचा धंदा विकून टाकला होता, जुलै २०२२ मध्ये. आपल्याकडचा रेड लेबल त्या व्यवहारात गेला नाही, भारतातला चहा हिंदुस्तान युनिलिव्हरकडेच राहिला. पण विकल्याने हिशेब संपतो का? घर विकले म्हणून त्या घरात झालेल्या अन्यायाची जबाबदारी नव्या मालकावर टाकता येत नाही.

आणखी एक गोष्ट भारतीय घरांना जवळची. 'फेअर अँड लव्हली' १९७५ मध्ये बाजारात आली आणि ४५ वर्षे सावळ्या मुलींना सांगत राहिली की नोकरी हवी, नवरा हवा, तर रंग उजळ हवा. कुठल्याही मोहल्ल्यात लग्नाची बोलणी सुरू झाली की या ट्यूबचा खप वाढे. जून २०२० मध्ये, अमेरिकेतून वर्णभेदाविरुद्धची लाट उठल्यावर, कंपनीने 'फेअर' हा शब्द काढायचे ठरवले आणि ती 'ग्लो अँड लव्हली' झाली. शब्द गेला हे चांगलेच झाले. त्या ४५ वर्षांत ज्या मुली आरशासमोर रडल्या त्यांच्याशी कुणी तडजोड केली नाही, आणि तशी मागणीही कुणी केली नाही.

दिलेल्या शब्दाचेही एक माप आहे. २०२५ पर्यंत नव्या प्लास्टिकचा वापर निम्मा करू, असे युनिलिव्हरने सांगितले होते. २०२३ मध्ये नवे प्रमुख आले, भागधारकांचा दबाव आला, आणि २०२४ मध्ये ते उद्दिष्ट २०२६ पर्यंत ३० टक्के असे झाले. आपल्याला माल आणि सेवा पुरवणाऱ्या प्रत्येकाला २०३० पर्यंत जगण्यापुरते वेतन मिळेल, हे २०२१ चे वचनही त्याच वेळी आखडते घेतले गेले. मुदत चुकणे वेगळे आणि मुदत जवळ आली म्हणून वचनच बदलणे वेगळे. सगळ्यांत जास्त त्रास होतो तो एक-दोन रुपयांच्या शाम्पूच्या पुड्यांचा. गरिबाला चैन परवडावी म्हणून निघालेली ही पुडी, तिची कमाई कंपनीची आणि रिकामे पाकीट गावच्या नाल्याचे. मुंबईत पहिल्या पावसात कुठलाही नाला तुंबला की काय बाहेर निघते ते पालिकेच्या सफाई कामगारांना विचारावे.

अशा वेळी कंपन्या सामाजिक कामाचा अहवाल पुढे करतात. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकारावरच्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करणे बंधनकारक केले. मुसलमानाला हा आकडा वाचून लगेच जकातीचे अडीच टक्के आठवतील. तर मग जकातीचा दुसरा नियमही आठवावा. वाममार्गाने आलेल्या पैशातून दिलेले दान तो पैसा पाक करत नाही. शाळेला बाके दिली, तलाव खोदला, उत्तमच. पण तलावाचा फोटो पाहून कोडाईकनालची माती तपासायची राहू नये. ती तपासायची असेल तर शेअर बाजारात नोंदलेल्या वरच्या १००० कंपन्यांना आता सेबीच्या नियमाप्रमाणे पर्यावरण, कामगार, तक्रारी यांचा हिशेब दरवर्षी ठरलेल्या नमुन्यात द्यावा लागतो. तो कुणालाही वाचता येतो. कंटाळवाणा असतो. व्हॉट्सअ‍ॅपवरची यादी वाचायला जेवढा वेळ लागतो त्याच्या वीसपट लागतो.

आणि त्या यादीचे काय? बहिष्कार हे गरिबाचे हत्यार आहे आणि ते चालते. गाझातल्या युद्धानंतर इंडोनेशियात लोकांनी पाश्चात्त्य मालाकडे पाठ फिरवली तेव्हा २०२३ च्या शेवटच्या तिमाहीत तिथली विक्री घसरल्याचे युनिलिव्हरने स्वतः सांगितले. पण यादी बनवणारा कोण, त्याने कुठे तपासले, हे कुणी विचारत नाही. खबर आली तर आधी शहानिशा करा, नाहीतर अजाणतेपणी एखाद्यावर अन्याय होईल आणि मग पस्तावाल, ही कुरआनातली ताकीद बाजारालाही लागू आहे. ज्या कंपनीचा त्या प्रश्नाशी काही संबंध नाही तिचे नाव यादीत असते. आणि ज्या स्थानिक उत्पादकाचा साबण तिच्या जागी घ्यायला सांगितलेले असते, त्याचे कामगार किती तास राबतात, त्यांना काय मिळते, हे यादीत नसते. छोटी कंपनी म्हणजे स्वच्छ कंपनी असे नाही. मोठ्या कंपनीच्या ढिगात निदान हात घालणारे पुष्कळ असतात.

मग दुकानापुढे उभ्या असलेल्या अम्मीने करायचे काय? तिच्या हातात जे आहे ते आधी पाहावे. साबणाच्या वेष्टनावर 'टॉयलेट सोप' लिहिले आहे की 'बेदिंग बार', हे कुणी वाचत नाही. भारतीय मानकाप्रमाणे टॉयलेट सोपच्या पहिल्या श्रेणीत चरबीयुक्त घटक, ज्याला टीएफएम म्हणतात, किमान ७६ टक्के लागतात, दुसरीत ७०, तिसरीत ६०. बेदिंग बारला ४० टक्क्यांवरही भागते. दोन्ही कायदेशीर, दोन्ही एकाच फळीवर, किमतीही जवळपास. त्यानंतर वजन. दहाची वडी दहालाच मिळते, पण महागाई वाढली की किंमत तीच ठेवून वडी बारीक होते. वेष्टनावर खरे वजन छापलेले असते, त्यामुळे याला मापात पाप म्हणता येणार नाही. पण हजरत शुऐब (अ.) यांच्या कौमला मापाच्या लबाडीपायी काय भोगावे लागले ते ऐकत वाढलेल्या माणसाला छापलेले आणि सांगितलेले यांतला फरक कळतो. दुकानदाराने 'ये छोटी हो गई' एवढे तोंडाने सांगितले तरी खूप.

हजरत उमर (रजि.) यांनी मदिनेच्या बाजारावर देखरेखीचे काम शिफा बिन्त अब्दुल्ला या बाईंकडे दिल्याचे इतिहासग्रंथ सांगतात. शिकलेल्या, हिशेबाच्या पक्क्या बाई. मोबाइल हातात घेतलेल्या मुलीला हे नाव कुणीतरी सांगायला हवे.

मगरिबच्या अजानला वीस मिनिटे उरलेली असतात. गर्दी आता घाईवर आली आहे. अम्मी वडी उलटीपालटी करून टीएफएमचा आकडा शोधते. अक्षर मुंगीच्या पायाएवढे. मुलगी यादी बंद करते आणि मोबाइलचा टॉर्च लावते.

"छिहत्तर है क्या छियासठ?"

दुकानदार गल्ल्यातून स्वतःचा चष्मा काढून पुढे करतो.